कॅरिअर धरणारा हात

तुम्ही सायकल शिकलात तो दिवस आठवून बघा. समोर रिकामा रस्ता, हातात घट्ट धरलेलं हँडल आणि मागे कॅरिअर धरून पळणारं कुणीतरी. 'सोडू नको हं!' असं तुम्ही ओरडत होता आणि मागून 'धरलंय, धरलंय' असं उत्तर येत होतं. बहुतेक वेळा ते खोटं असायचं. हात केव्हाच सुटलेला असायचा.

सायकलीवरच्या लांबच्या प्रवासांचा इतिहास वाचताना मला हा हात सारखा आठवतो. त्या इतिहासात स्वारांची नावं असतात, मैलांचे आकडे असतात, वाळवंटं आणि घाट असतात. मागे पळणारा माणूस मात्र फोटोत येत नाही. तो दिसला, की 'तयारी' या शब्दाचा अर्थच बदलतो, असं मला वाटतं.

एक कल्पना करू. मुदखेडमधल्या एका घरात साठी ओलांडलेल्या नवरा-बायकोनं ठरवलंय, की यंदा दिवाळीनंतर सायकलीनं निघायचं. डांबरी रस्ता शक्यतो टाळायचा. मुदखेड जंक्शनवरून आदिलाबादकडे फुटणारा रेल्वेमार्ग ज्या मुलखातून जातो, तोच मुलूख पांदणीनं, गाडीवाटेनं आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं पाहायचा. भोकर, हिमायतनगर, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, किनवट. मग माहूर. मग जमेल तिथपर्यंत.

घरातलं पहिलं वाक्य काय असेल, हे तुम्हाला ठाऊक आहे. "या वयात हे कामून सुचलं?" आणि बाबांना एकदा विचारून झालं, की आईकडे वळून दुसरं: "त्यांचं सोड, तुला तरी कळायला पाहिजे होतं."

जोडपं कल्पनेतलं आहे. प्रश्न मात्र खरा आहे आणि सव्वाशे वर्षं जुना आहे.

पन्नाशीचा डॉक्टर आणि त्याची बायको

१८९७ च्या अखेरीस एक अमेरिकन जोडपं सायकली घेऊन आपल्याकडे निघालं. नवरा विल्यम हंटर वर्कमन, वय ५०. बायको फॅनी बुलक वर्कमन, वय ३८. आजच्या हिशेबानं यात म्हातारं कुणी नाही. पण ज्या भारतात ते सायकल चालवणार होते, तिथलं सरासरी आयुर्मान तेव्हा तिशीच्याही खाली होतं. त्या काळचा पन्नाशीचा माणूस आज साठी-पासष्टीच्या माणसाकडे बघतात तसाच बघितला जाई.

विल्यम व्यवसायानं डॉक्टर. प्रकृती साथ देईना म्हणून त्यानं चाळिशीतच काम सोडलं होतं आणि कुटुंब युरोपात राहायला गेलं होतं. तिथे या दोघांना सायकलीचं वेड लागलं. त्यांनी अल्जेरिया आणि स्पेन सायकलीवरून पालथे घातले आणि दोन्ही प्रवासांवर पुस्तकं लिहिली. म्हणजे भारतात येण्याआधी त्यांची तालीम पुरेशी झाली होती.

त्यांना हे शक्य झालं त्याला यंत्रही कारण होतं. त्याआधीची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच चाक आणि मागे लहानसं. पडलात तर तोंडावरच. ती तरुण आणि धाडसी पुरुषांची गाडी होती. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यानं इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी 'सेफ्टी' सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यानं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. या दोन गोष्टींमुळे सायकल स्त्रियांच्या आणि पन्नाशीच्या माणसांच्या आवाक्यात आली. आज आपल्या गल्लीत जी काळी सायकल भिंतीला टेकून उभी असते, तिचा सांगाडा अजून जवळपास तोच आहे.

वर्कमन दांपत्यानं भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश आणि जावा मिळून सुमारे १४,००० मैल, म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर सायकल चालवली. अडीच वर्षं लागली. सामान किती? चहा, साखर, बिस्किटं, चीज, डबाबंद मांस, पाणी, उशा, प्रत्येकी एक ब्लँकेट, लिहिण्याचं साहित्य, औषधांची पेटी आणि सायकल दुरुस्तीची हत्यारं. दुरुस्तीची हत्यारं तर रोजच लागत. एकेका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढल्याची नोंद आहे. उन्हाळ्यात मराठवाड्याच्या पांदणीतून सायकल घातलेल्या कुणालाही हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. बाभळीचा काटा टायरातून सरळ ट्यूबमध्ये उतरतो आणि सराटे तर एका वेळी चार-चार लागतात.

यादी पुन्हा वाचा. अडीच वर्षांच्या प्रवासाला हे सामान फारच थोडं आहे. ते थोडं का पुरलं, यातच त्यांच्या तयारीचं मर्म आहे. इंग्रज साहेबांसाठी देशभर उभारलेले डाक बंगले, रेल्वे स्टेशनांवरच्या वेटिंग रूम, खानसामे आणि दुकानं आपल्याला मिळतील, असा त्यांचा हिशेब होता. तो बऱ्याच अंशी बरोबर निघाला. कधी उपाशी राहावं लागलं, कधी उंदरांच्या सोबतीनं झोपावं लागलं, पण गोऱ्या माणसाला दार बंद झालं नाही.

आणि हा काळ कोणता? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्याच वर्षी टिळक तुरुंगात गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ या प्रवासाच्या अलीकडे-पलीकडे आहेत. स्टेशनांवर देशी प्रवाशांची प्लेगसाठी तपासणी चालू होती. गावंच्या गावं अन्नासाठी घर सोडून रस्त्याला लागली होती. त्याच देशात, त्याच वर्षांत, दोन माणसं हौसेनं सायकल चालवत मंदिरांचे फोटो काढत होती. आपल्याकडे तर तेव्हा अजून रूळही पडले नव्हते. हैदराबादहून मनमाडकडे जाणारी निजाम राज्यातली मीटरगेज लाईन १९०० च्या आसपास या भागात आली.

हे मी त्यांना दोष द्यायला सांगत नाही. त्यांचं धाडस अस्सल होतं. पण ते धाडस ज्या हातांवर उभं होतं, त्या हातांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

पंचेचाळीस हमाल आणि एक फसलेली मोहीम

हे हात एकदा मात्र ठळकपणे दिसले. १८९८ च्या शरद ऋतूत वर्कमन दांपत्यानं दार्जिलिंगहून कांचनजंगाच्या बाजूला हिमालयात शिरायचं ठरवलं. सायकली ठेवल्या आणि पंचेचाळीस हमाल ठरवले. जमवाजमव लांबत गेली, निघेपर्यंत ऑक्टोबर उजाडला, थंडी पडली. हमालांची चाल यांच्या अपेक्षेहून फारच सावकाश होती. बर्फ लागल्यावर त्यांनी पुढे यायला नकार दिला आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांना मागे फिरावं लागलं.

वर्कमन दांपत्यानं या अपयशाचं खापर हमालांवर फोडलं. आज आपण वाचतो तेव्हा वेगळंच दिसतं. ज्या माणसांच्या पाठीवर मोहीम चालणार, त्यांना थंडीत काय घालायला आहे, ते किती चालू शकतात, त्यांना या डोंगरात जायचंच आहे का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. सायकलीचा प्रत्येक स्क्रू तपासणाऱ्या माणसांनी आपल्या सर्वांत मोठ्या आधाराची तयारीच केली नव्हती.

पुढच्या वर्षी ते एक अनुभवी युरोपीय वाटाड्या घेऊन काराकोरममध्ये गेले आणि मग त्यांचं सगळं आयुष्यच हिमालयाचं झालं. १९०६ मध्ये, ४७ व्या वर्षी, फॅनी पिनॅकल पीकवर चढली. १९१२ मध्ये सियाचेन हिमनदीच्या परिसरात तिनं 'स्त्रियांना मताधिकार द्या' असा मथळा असलेलं वर्तमानपत्र हातात धरून फोटो काढून घेतला. आणि प्रकृतीमुळे चाळिशीत निवृत्त झालेले डॉक्टरसाहेब? ते १९३७ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षांचे होईपर्यंत जगले.

गिअर ही म्हाताऱ्यांची गोष्ट?

भारतातल्या सायकलवीरांची सर्वांत गाजलेली गोष्ट मुंबईची आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी तिघांनी, आदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भुमगरा यांनी, ती पूर्ण केली आणि १८ मार्च १९२८ रोजी ते परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. ही गोष्ट जरूर वाचा. पण ती विशीतल्या मुलांची गोष्ट आहे. सायकलीवरचं साहस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अजून असेच तरणेबांड पुरुष येतात.

ही समजूत मुद्दाम जोपासली गेली आहे. 'टूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध शर्यतीचा जनक आँरी देग्रांज याचं उदाहरण घ्या. १९०२ मध्ये त्यानं लिहिलं, की गिअर बदलायची सोय ही पंचेचाळिशी ओलांडलेल्या लोकांसाठी ठीक आहे, खऱ्या मर्दानं स्नायूंच्या जोरावर जिंकावं. डिरेलर गिअर त्याच्या शर्यतीत सर्वांना वापरता यायला १९३७ साल उजाडावं लागलं. आज त्या शर्यतीत गिअरशिवाय एकही सायकल दिसणार नाही. म्हणजे म्हाताऱ्यांचा आधार म्हणून ज्याची चेष्टा झाली, तोच जगज्जेत्यांचा आधार ठरला.

त्याच काळात फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही नावाचा एक माणूस होता. 'व्हेलोसिओ' या नावानं तो लिहायचा. गिअरचा तो कट्टर पुरस्कर्ता. पोट भुकेनं कळवळण्याआधी खा, घशाला कोरड पडण्याआधी पाणी प्या, दमण्याआधी थांबा आणि दुसऱ्याला दाखवायला म्हणून कधी पैडल मारू नका, अशी त्याची शिकवण होती. उतारवयातही तो शेकडो किलोमीटर सायकल चालवत असे. १९३० मध्ये, ७६ व्या वर्षी, ट्रामच्या धडकेत तो गेला. तोवर सायकल सुटली नव्हती.

कच्च्या रस्त्याच्या सायकलीची कथाही अशीच आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातली पोरं डोंगरावरून खाली सुटायची. कशावर? १९३०-४० च्या दशकातल्या, भंगारात गेलेल्या, जाड टायरच्या जुनाट सायकलींवर. उतरताना ब्रेक इतके तापत, की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागे. त्यांच्या शर्यतीचं नावच त्यावरून 'रीपॅक' पडलं. या खटाटोपातून माउंटन बाईक जन्माला आली. रुंद टायर, कमी हवा, हलके गिअर. आपल्या मुदखेडच्या जोडप्याला गाडीवाटेवर नेमकं हेच लागणार आहे. मोडीत काढलेल्या वस्तूमध्ये किती प्रवास शिल्लक असतो, हे त्या पोरांना कळलं होतं.

तिची तयारी कुठून सुरू होते?

इथे थोडं थांबू. आपण 'जोडपं' म्हणतोय, पण दोघांची सुरुवात एकाच जागेवरून होत नाही. ज्या पिढीबद्दल आपण बोलतोय, त्या पिढीतला मुलगा तासाच्या भाड्यानं सायकल आणून, मधल्या नळीतून पाय घालून हाफ पैडल शिकला. त्याच्या बहिणीचं कॅरिअर धरायला मात्र बहुतेक घरांत कुणी पळालं नाही. साठीच्या बाईनं आज सायकलवर बसायचं ठरवलं, तर तिची तयारी गुडघ्यांपासून सुरू होत नाही. पन्नास वर्षांपूर्वी राहून गेलेल्या त्या दिवसापासून होते.

उशीर झालेला नाही, याचा पुरावा तमिळनाडूत आहे. पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकल शिकवणंही त्या मोहिमेत घेतलं. शेतमजूर बाया, खाणीत काम करणाऱ्या बाया, अंगणवाडीतल्या बाया मैदानात जमल्या आणि शिकल्या. शिकलेल्या बाईनं दुसरीचं कॅरिअर धरायचं, अशी साखळी लागली. एका लाखाच्या आसपास बाया सायकल चालवू लागल्या. त्यांची चेष्टाही झाली. पण पाणी आणणं, बाजार, मुलाला शाळेत सोडणं यासाठी बसची आणि नवऱ्याची वाट बघणं संपलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिलं, म्हणून हे आपल्यापर्यंत आलं.

आज मराठवाड्यात मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर शाळेला जाणाऱ्या मुली गावोगाव दिसतात. म्हणजे कित्येक घरांत सायकल आजीच्या नावावर कधीच आली नाही, आईच्याही नाही, ती थेट नातीच्या नावावर आली.

आपल्याकडची तयारी

म्हाताऱ्या जोडप्यानं दूरच्या, खडतर प्रवासाची तयारी करणं आपल्याला नवीन वाटायचं खरं तर कारण नाही. दर आषाढीला हे घडतं. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई असा मराठवाडा ओलांडत महिनाभर चालते. तिच्यात साठीचे, सत्तरीचे नवरा-बायको असतात. त्यांना कुणी "या वयात?" विचारत नाही. उलट आषाढी एकादशीला पंढरपूरच्या महापूजेत मुख्यमंत्र्यांच्या शेजारी बसायचा मान दर्शनाच्या रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला मिळतो.

वारकऱ्याची तयारी बघा. पेरणी उरकायची. घर, जनावरं कुणाच्या तरी हवाली करायची. दिंडीत नाव घालायचं. सामान ट्रकमध्ये टाकायचं, अंगावर फक्त पताका, टाळ किंवा तुळस. मुक्काम कुठे, जेवण कुणाकडे, पाल कोण ठोकणार, हे सगळं आधी ठरलेलं. पाय सुजला तर चोळायला सोबती. यात 'मी एकटा गेलो' असा टेंभा कुणी मिरवत नाही. शेकडो किलोमीटर चालणं त्याचं स्वतःचं असतं आणि तरीही तो ते 'माउलीनं करून घेतलं' म्हणतो. भक्तीचा भाग बाजूला ठेवला, तरी नियोजन म्हणून हे वर्कमन दांपत्याच्या दार्जिलिंगच्या मोहिमेपेक्षा कितीतरी शहाणं आहे. इथे आधार लपवलेला नाही. त्याला नाव आहे, जागा आहे, मान आहे.

मग मुदखेडच्या आपल्या जोडप्यानं काय करावं? पावसाळ्यात निघू नये हे त्यांना आपण सांगायची गरज नाही. काळी माती चाकाला लागली, की मडगार्डात गच्च बसते आणि सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. दिवाळीनंतर जमीन वाळते, वाट कडक होते, पहाटे गारवा असतो. तोवरचे महिने सरावाचे. आधी गावाभोवतीच्या फुलांच्या मळ्यांपर्यंत, मग नांदेड आणि परत, मग भोकरपर्यंत आणि एक मुक्काम. डॉक्टरकडून तपासणी. सीटची उंची नीट, म्हणजे गुडघ्यावर भार येणार नाही. चौकातल्या सायकल दुकानात बसून ट्यूब काढणं, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे बघून छिद्र शोधणं, सोल्युशन लावून ते वाळेपर्यंत धीर धरणं, हे दोघांनीही शिकायचं. फक्त त्यानं नाही. किनवटच्या जंगलात एकाला काही झालं, तर दुसऱ्याच्या हाताला ते यायला हवं.

आणि शेवटची तयारी घरच्यांची. वाटेतल्या गावांत कोण ओळखीचं आहे, कोणत्या शाळेत, मंदिरात, गुरुद्वाऱ्यात पथारी टाकता येईल, रोज संध्याकाळी फोन कुणाला करायचा, गरज पडली तर जीप घेऊन कोण येणार. ही यादी करणं म्हणजे कमीपणा नाही. वर्कमन दांपत्याच्या यादीत उशा होत्या, चीज होतं. माणसं नव्हती.

"या वयात?" हा प्रश्न घरचे काळजीनं विचारतात, हे खरंच आहे. पण काळजी दोन तऱ्हेनं करता येते. सायकलीला कुलूप लावून, किंवा थोडं मागे पळून.

तुम्ही हे फोनवर वाचताय, म्हणजे बहुधा त्या जोडप्याच्या मुलांच्या किंवा नातवंडांच्या वयाचे आहात. उद्या सकाळी सहा वाजता, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत, आईनं किंवा आजीनं पदर खोचून सायकल बाहेर काढली, तर तिला काय म्हणायचं हे तुमच्यावर आहे. ती 'सोडू नको हं' म्हणेल. तुम्ही 'धरलंय' म्हणा.